सातबाऱ्यावर नसलेल्या शेतकरणी

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे दोन डोंगरी तालुके. कोकणात असूनही येथून समुद्र दिसत नाही. दिसतो तो सह्याद्री. महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावणारी सावित्री पोलादपूरवरून खाली येते, महाडजवळ तिला गांधारी आणि काळ या नद्या मिळतात आणि बाणकोटच्या खाडीने ती समुद्राला जाते. वरंधा आणि आंबेनळी हे घाट या मुलखाला देशाशी जोडतात, कशेडी घाट रत्नागिरीशी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही चैत्र-वैशाखात वरच्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, कारण कातळावरून आणि उतारावरून पाणी थांबतच नाही. नदीकाठच्या सखल पट्ट्यात बांध घालून केलेली भाताची खाचरे आणि वर डोंगरउतारावरची वरकस जमीन, अशी शेतीची दोन अंगे. खाचरात भात, वरकसावर नाचणी, वरी आणि तीळ. सरकारी व्याख्येनुसार एक हेक्टरपर्यंत जमीन असणारा अत्यल्पभूधारक आणि एक ते दोन हेक्टरवाला अल्पभूधारक. येथील बहुतेक कुटुंबांच्या वाट्याची जमीन मात्र गुंठ्यांतच मोजली जाते.

ही गुंठ्यांची शेती किमान शंभर वर्षे मोठ्या प्रमाणात बायकांनी चालवली आहे. पुरुष मुंबईला गिरणीत, गोदीत, पलटणीत. जमीन, गुरे, म्हातारी माणसे आणि पोरे बाईच्या हवाली. तरीही या स्त्रियांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला शेतकरी म्हणून त्यांची नोंद सहसा सापडत नाही. महसुलाच्या कागदात त्या खातेदाराच्या पत्नी किंवा विधवा आहेत, जनगणनेत गृहिणी, वनखात्याच्या लेखी पाला तोडणाऱ्या. एकच बाई वेगवेगळ्या दप्तरांत वेगवेगळ्या नावाने वावरते, आणि ती दप्तरे एकमेकांशेजारी ठेवून वाचल्याशिवाय तिच्या शेतीचा इतिहास जुळत नाही.

ब्रिटिश काळात हा भाग कुलाबा जिल्ह्यात होता. पोलादपूर दीर्घकाळ महाडला जोडलेले होते, पुढे तो स्वतंत्र तालुका झाला. जिल्ह्याला रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळाले. कुलाबा जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पिके, माती, अवजारे आणि जातवार लोकसंख्या यांची तपशीलवार नोंद आहे. मात्र शेतकरी म्हणजे पुरुष हे त्यात गृहीतच आहे. याचा दोष एकट्या गोऱ्या अधिकाऱ्यांकडे जात नाही. माहिती देणारे पाटील, तलाठी आणि खोत हेही शेतकरी म्हणून नांगर धरणाऱ्यालाच ओळखत होते, आणि नांगराला बाईने हात लावायचा नाही हा दंडक गावोगाव पाळला जात होता. वर्षभराच्या कामात नांगरणी-चिखलणीचे दिवस थोडे. पण शेती कोणाची हे त्याच दिवसांनी ठरवले.

बाकीच्या दिवसांचा हिशेब मांडला तर चित्र उलटे दिसते. भातशेतीचे वर्ष येथे पावसाने नव्हे, राबाने सुरू होते. माघ-फाल्गुनात झाडांची कवळे तोडायची, वाळलेला पातेरा गोळा करायचा, गोठ्यातले शेण वाळवायचे आणि हे सगळे डोक्यावरून रोपाच्या जागेवर आणून थरावर थर रचायचे. खाली शेण, वर कवळ, त्यावर पातेरा व गवत, सर्वांत वर बारीक मातीचा थर. पावसाआधी हा राब वाऱ्याची दिशा पाहून भाजतात. जळताना तणाचे बी मरते, राख खत होते आणि जमीन भुसभुशीत होते. मृगाच्या पावसावर त्यात भाताचे बी पेरायचे. झाडावर चढून फांद्या छाटण्याचे काम बहुधा पुरुषाचे. भारे वाहणे, शेणी-गोवऱ्या, पातेरा, माती हे काम बायकांचे. एका छोट्या राबासाठीही किती खेपा लागतात हे ज्याने पाहिले असेल त्याला राब ही प्रामुख्याने डोक्यावरून वाहिलेली शेती वाटल्यावाचून राहणार नाही.

रोपे तयार झाली की आषाढात लावणी. तरवा काढायचा, मुठी बांधायच्या, चिखलात गुडघाभर पाण्यात वाकून एकेक चूड लावत मागे सरकायचे, अंगावर बांबूच्या कामट्या आणि पानांचे इरले. हे काम वेळेत झाले नाही तर उत्पन्न घटते, आणि सगळ्यांची वेळ एकच असते. म्हणून सावड: आज माझ्या खाचरात चार घरच्या बायका, उद्या त्यांच्या खाचरात मी. ज्या घरात पुरुष नाही किंवा बैल नाहीत त्या घराला औत बाहेरून आणावे लागे, आणि त्या औताची फेड पैशाने क्वचित, बहुतेकदा बाईच्या लावणीच्या दिवसांनी होई. नांगराचा एक दिवस आणि लावणीचा एक दिवस यांचा भाव कधीच सारखा नव्हता. गावातील मजुरीच्या दरांचा इतिहास शोधणाऱ्याने या न लिहिलेल्या विनिमयाकडे पाहायला हवे, कारण नांगराला हात न लावण्याच्या रूढीची किंमत बाईने नेमकी कशी मोजली हे त्यातच दिसते.

श्रावणात बेणणी, अश्विन-कार्तिकात कापणी, मग भारे खळ्यावर आणणे, झोडणी, वारवणी, उडवी रचणे. खाचरात ओल शिल्लक असेल तर वाल, पावटा, चवळी, हरभरा. वरकसावरची नाचणीही रोपे करून लावली जाते. तिची कणसे विळ्याने एकेक खुडावी लागतात. एवढे झाल्यावर धान्य घरात येते, पण ते खाण्याजोगे नसते. भात उखळात कांडायचे, नाचणी जात्यावर दळायची. गिरण्या आणि चक्क्या गावात पोचेपर्यंत हे काम पहाटेचे आणि ते बिनदिक्कत घरकामात मोजले गेले. शेतातून आलेले भात तांदूळ होईपर्यंत ती शेती, की घरकाम? सरकारी आकडेवारीला हा प्रश्न पडायला विसावे शतक संपत यावे लागले.

राबाला जंगल लागते, आणि १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगल राखीव होऊ लागले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत कवळतोडीवरून इतका असंतोष माजला की मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. राबाविना भात होत नाही हा शेतकऱ्यांचा दावा, आणि राबापायी जंगल उजाड होते हा वनखात्याचा. वाद पुरुषांत झाला. पाल्याचा भारा, सरपणाची मोळी आणि गुरांचा चारा आणायला मात्र रोज जंगलात जाणारी बाईच होती. राखणदाराने विळा-कोयता जप्त केला तर तो तिचा. वनखात्याचा जुना पत्रव्यवहार या दृष्टीने वाचला तर तो शेतीच्या इतिहासाचेही साधन ठरतो.

जमिनीवरचा हक्क हे प्रकरण आणखी गुंतागुंतीचे आहे. कोकणातील अनेक गावांप्रमाणे येथेही खोती होती. खोत सरकारला गावाचा सारा भरी आणि कुळांकडून पिकाचा वाटा घेई. अर्धेलीने कसणाऱ्या कुळाच्या हाती निम्मे पीक उरे, आणि त्याखेरीज वेठ. वेठीचा उल्लेख आला की डोळ्यांपुढे खोताचे शेत नांगरणारा पुरुष येतो. पण कूळ म्हणजे कुटुंब होते आणि खोताच्या घरची व शेतातली कामे कुळाच्या बायकांनाही चुकत नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. कुलाबा जिल्ह्यातच उत्तरेला, अलिबागजवळ चरी येथे, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्धचा शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून सुरू होता आणि तो काही वर्षे टिकला. इतके दिवस जमीन पडीक ठेवून घर चालवणे ही तारेवरची कसरत होती आणि ती चुलीपाशी झाली. संपाच्या इतिहासात तिला फार थोडी जागा मिळाली आहे.

खुद्द महाडचा लढा पाण्याचा म्हणून ओळखला जातो. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी प्यायले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. त्या मार्चमधील परिषदेत जमिनीचाही विचार झाला होता: मेलेली गुरे ओढण्यासारखी गावकामे सोडावीत, शेतीकडे वळावे, सरकारने वनजमिनी अस्पृश्यांना लागवडीला द्याव्यात. पाण्याचा गाजावाजा झाला आणि जमिनीचा मुद्दा मागे पडला, पण दलित शेतकरणीच्या इतिहासात तो मोठा आहे. महार वतनाची जमीन तुटपुंजी आणि सगळ्या भाऊबंदांत विभागलेली होती. शिवाय वतनाच्या वारशात स्त्रीला मागे ढकलणारा कायदा १८८६ पासून लागू होता: शेवटच्या वतनदाराची विधवा सोडली तर वतनदार घराण्यातील इतर सर्व स्त्रियांचा क्रम प्रत्येक पुरुष वारसाच्या नंतर लागे. म्हणजे मुलीपेक्षा लांबचा चुलतभाऊ जवळचा. डिसेंबरच्या परिषदेच्या वेळी आंबेडकरांनी स्त्रियांची वेगळी सभा घेतली. लुगडे कसे नेसावे, अंगावर कोणते दागिने नसावेत आणि मुलींना शाळेत घालावे हे त्यांनी सांगितले. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती घेऊन ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. कागद जिथे गप्प आहे तिथे बोलते माणूस हेच साधन, हे या पुस्तकाने मराठीत दाखवून दिले. ज्यांनी महाडचे ते भाषण ऐकले त्यांची पिढी संपण्याआधी झालेले हे काम आहे, हेही ध्यानात ठेवण्यासारखे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कुळकायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आला. १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिनी’ कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. कागदोपत्री कूळ घरातला कर्ता पुरुष असल्याने मालकही तोच झाला, मग तो त्या दिवशी परळच्या गिरणीत असला तरी. गंमत अशी की हा कायदा स्त्रीला अजिबात ओळखत नव्हता असे नाही. जमीनमालक विधवा असेल तर कुळाचा खरेदीचा हक्क लांबणीवर टाकण्याची तरतूद त्यात होती. विधवा मालकिणीला संरक्षण मिळाले. घाम गाळणारी कुळाची बायको मात्र कूळ म्हणून कुठे दिसली नाही. हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ मध्ये आला आणि त्यातून पुढे ‘सात-बारा’ घडला. जुन्या बारा नंबरच्या नमुन्यात जमीन करणाऱ्याचे नाव लिहिण्याचा रकाना होता. तो तलाठी भरत असे, आणि खातेदार जमीन ‘खुद्द’ कसतो असे लिहिणे सर्वांत सोपे. त्या एका ‘खुद्द’ या शब्दाआड मुंबईकराच्या बायकोची सगळी हयात झाकली गेली.

मुंबई हा या मुलखाच्या शेतीचाच एक भाग होता असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. मुंबईत कापडगिरण्या १८५० च्या दशकात निघाल्या आणि कोकणातला पुरुष तिकडे ओढला गेला. दासगावच्या बंदरातून, पुढे बोटी बंद पडल्यावर गोवा रस्त्याने. लालबाग-परळच्या चाळींत गावकीच्या खोल्या असत. एका खोलीत गावातली पंधरा-वीस माणसे पाळ्या बदलून झोपत. बायका-मुलांना तिथे जागा नव्हती, आणि पगार कुटुंबाला मुंबईत ठेवण्याइतका कधीच नव्हता. गावाकडची शेती घरच्यांना खायला घालत होती म्हणून गिरणीला स्वस्त मजूर परवडत होता, हा या व्यवस्थेचा अर्थशास्त्रीय गाभा. गिरणमालकांच्या ताळेबंदात महाडच्या खाचरातले भात कुठेच नाही, पण त्यावरच तो ताळेबंद उभा होता. पलटणीचेही तसेच. महाड तालुक्यातले आंबवडे ‘फौजी आंबवडे’ म्हणून ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावातून शंभरावर माणसे गेली. ती परतेपर्यंत गावची शेती कोणी केली, हे त्यांच्या स्मारकशिळेवर लिहिलेले नसणे साहजिक आहे.

मनीऑर्डर हा या संसाराचा कणा समजला जातो. ते अर्धेच खरे आहे. पैसा सासऱ्याच्या किंवा दिराच्या नावाने येई. मीठ-मिरची, सुकट, कापड आणि सावकाराचे व्याज त्यातून भागे. पोटाचे धान्य शेतातूनच यायचे. निर्णयही वाटलेले होते: कोणत्या खाचरात काय घ्यायचे, बी किती राखायचे, कोणाची सावड धरायची हे बाई ठरवी, जमीन गहाण, बैलाची खरेदी, मुलीचे लग्न यासाठी पत्र मुंबईला जाई. गणपती आणि शिमग्याला मुंबईकर आला की घराचा कर्ता बदले, तो परत गेला की पुन्हा बदले. घाटाच्या पलीकडे, वाई तालुक्यातील सुगाव या गावाचा हेमलता दांडेकर यांनी केलेला अभ्यास १९८६ मध्ये इंग्रजीत पुस्तकरूपाने आला. त्याच्या शीर्षकाचाच आशय असा की पुरुष मुंबईला आणि बायका घरी. सुगावची पाहणी आधी १९४२ मध्ये झालेली असल्याने चाळीस वर्षांतला फरक मोजता आला. सुगाव देशावरचे, ज्वारी-बाजरीचे. तरी महाड-पोलादपूरच्या संशोधकाला इतके जवळचे दुसरे काम नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगारांचा तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतला गेला नाही आणि गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. मनीऑर्डर आटली. काही पुरुष गावी परतले आणि ज्या शेतीची त्यांना सवय उरली नव्हती तिचे पुन्हा कर्ते झाले. अनेकांनी मुंबईतच वॉचमन, टॅक्सी, फेरीचा धंदा धरला. महाडजवळ बिरवाडीच्या बाजूला औद्योगिक वसाहत उभी राहिली तेव्हा काही घरांतील तरुणांना कंत्राटी काम मिळाले. संपाचा अभ्यास करणाऱ्यांनी गिरणगावाकडे पाहिले. संपाची खरी झळ मात्र त्या वर्षीच्या पावसाळ्यात बियाणे आणि औताचे पैसे कुठून आणायचे या प्रश्नात होती.

या श्रमाची सरकारी मोजदादही तितकीच लहरी. १९६१ च्या जनगणनेत कामाची व्याख्या सैल होती, त्यामुळे शेतात राबणाऱ्या पुष्कळ स्त्रिया ‘काम करणाऱ्या’ ठरल्या. १९७१ मध्ये मुख्य उद्योग कोणता असा प्रश्न आला. बाईने किंवा तिच्या वतीने घरातल्या पुरुषाने ‘घरकाम’ सांगितले आणि देशभर स्त्री-कामगारांचा आकडा एकदम कोसळला. दहा वर्षांत बायकांनी शेती सोडली नव्हती, प्रश्न बदलला होता. १९९१ मध्ये प्रश्नावलीतच घरच्या शेतावरचे बिनमजुरीचे काम धरावे असे स्पष्ट लिहावे लागले. तालुक्याच्या जनगणनेचे जुने तक्ते वापरताना हा फरक लक्षात न घेणारा अभ्यासक नसलेली घट शोधून काढतो.

अभ्यासकांचे लक्ष याकडे वळले ते १९७० च्या सुमारास. एस्टर बोसरुप या डॅनिश अर्थशास्त्रज्ञ बाईंचे आर्थिक विकासातील स्त्रीच्या भूमिकेवरचे पुस्तक १९७० मध्ये आले; १९७४ मध्ये भारतातील स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीचा अहवाल आला आणि त्याच वर्षी मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचे केंद्र सुरू झाले. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉयतेवँ यांनी खेड्यापाड्यांतील बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हा संग्रह एक लाखाच्या वर आहे. ओवी हे इतिहासाचे साधन म्हणून वापरताना सावध राहावे लागते. तिच्यात तारीख नसते आणि पीकपाणीही क्वचित. असतो तो भाऊ, वाटेकडे डोळे लावून पाहिलेला. पण त्यातच जमिनीची एक किल्ली आहे. बीना अगरवाल यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात दक्षिण आशियाभर दाखवले की बहिणी माहेरच्या जमिनीवरचा वाटा सोडतात तो भावाचे दार आपल्यासाठी उघडे राहावे म्हणून. नवऱ्याने टाकले, सासरी हाल झाले तर जायला एक घर हवे. महाडच्या तलाठ्याच्या दप्तरातली हक्कसोडपत्रे आणि जात्यावरची भावाची ओवी ही एकाच व्यवहाराची दोन टोके आहेत.

कायदा हळूहळू पुढे आला. हिंदू स्त्रीच्या मालमत्ता हक्काचा १९३७ चा केंद्रीय कायदा शेतजमिनीला लागू नव्हता, कारण शेतजमीन हा प्रांतांचा विषय. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवेला आणि मुलीला वारसा दिला, पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलगी जन्माने वाटेकरी नव्हती. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये ती उणीव दूर केली. शेतकरी संघटनेने नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला स्त्रियांचे प्रचंड अधिवेशन भरवले आणि पुढे तिचे नेते शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली: नवऱ्याने जिवंतपणीच जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा. शासनानेही १९९२ मध्ये पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची सोय केली. हा जोर मुख्यतः देशावरच्या कांदा-कापूस पट्ट्यातला. कोकणात प्रश्न वेगळा होता. इथे नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर जमीन असे घर कमी. आजोबाच्या मृत्यूनंतर फेरफार झाले, तुकडे पडले नाहीत आणि एकाच सामाईक खात्यावर दहा, वीस, कधी त्याहून अधिक नावे चढली. निम्मी नावे मुंबई-ठाण्यात, काही वारलेल्यांची, बहिणींची इतर हक्कात. कसणाऱ्या बाईचे नाव लागले तरी ते या गर्दीत, आणि बहुधा नवरा वारल्यावरच.

देशात २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार जमीनधारकांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. आणि खात्यावरचे नाव हा आता केवळ भावनेचा प्रश्न उरलेला नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेचे वर्षाला सहा हजार रुपये १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी ज्याच्या नावे जमीन आहे त्याला मिळतात. पीककर्ज, अवजारावरचे अनुदान, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाची भरपाई, सगळ्याला सातबारा लागतो. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, त्याच पावसात पोलादपूरच्या केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवरही दरडी आल्या. लावणी नुकतीच झालेली किंवा चालू होती. गाडलेल्या खाचराची भरपाई मागताना खाचर कोणी लावले हे विचारले जात नाही, खातेदार कोण हे विचारले जाते.

सगळ्या बायकांचा प्रश्न एकसारखा नाही, हेही नोंदवायला हवे. डोंगरमाथ्यावरच्या गवळी-धनगर वस्त्या आणि पायथ्याच्या कातकरी वाड्या यांच्याकडे मुळातच सातबारा नव्हता; त्यांची दळी, म्हणजे वनातल्या तुकड्यावरची, किंवा वरकसाची लागवड वनखात्याच्या हद्दीत धरली गेली. २००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र एक वेगळी गोष्ट केली. विवाहितांना मिळणारा वैयक्तिक वनहक्क पती-पत्नी दोघांच्या नावे संयुक्त नोंदवायचा असे त्यात लिहिले आहे. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या भूमिहीन समजल्या गेलेल्या कातकरी बाईचे नाव कागदावर आधी येते आणि खाली गावठाणातल्या कुणबी किंवा मराठा शेतकरणीचे अजून यायचे असते, असा उलटा प्रकार घडू शकतो.

शेतीचे तंत्रही बदलले. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ ची. कर्जतचे भात संशोधन केंद्र त्याहून जुने. डॉ. ना. के. सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीने दोरीवर ठरावीक अंतराने लावणी आणि चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची ब्रिकेट खोचणे आणले. उत्पन्न वाढले, बाईचे वाकणे कमी झाले नाही, उलट मोजून वाकावे लागले. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या ‘सगुणा भात तंत्रा’त गादीवाफ्यावर थेट टोकणणी होते, चिखलणी नाही आणि लावणीही नाही. नांगराचा दंडक आणि लावणीची सावड दोन्ही त्यात एकदमच निरुपयोगी ठरतात, म्हणून या तंत्राकडे केवळ उत्पन्नाच्या आकड्यांतून पाहणे अपुरे आहे. दुसरीकडे वरकसावरची नाचणी आक्रसली. रेशनचा तांदूळ-गहू आला, रानडुकरे आणि वानरे वाढली, आणि राखण करायला घरात माणूस उरले नाही. १९९० पासून रोजगार हमीतून आलेल्या आंबा-काजूच्या कलमांनी काही उतार व्यापले, बाकी पडीक.

२०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पीक कोणते हे तलाठ्याने लिहिण्याऐवजी खातेदाराने स्वतः मोबाइलवरून नोंदवायचे. ॲप शेताचे ठिकाण तपासते आणि पिकाचा फोटो शेतात उभे राहूनच काढावा लागतो, त्यामुळे मुंबईच्या खोलीतून ही नोंद होत नाही. खाते सासऱ्याच्या, नवऱ्याच्या किंवा दिराच्या नावे असते. फोटो काढायला बांधावर जाते ती सून.